चित्र अडखळत होते, दोष आवाजाच्या वाटेत होता

मागच्या दिवाळीत आमच्या टीव्हीला साउंडबार, म्हणजे टीव्हीसमोर ठेवायचा लांबट स्पीकर, जोडला आणि त्याच आठवड्यापासून चित्र अडखळू लागले. पडद्याच्या मधोमध गोल चक्र फिरत नव्हते, चित्राचे चौकोनही पडत नव्हते. चित्र स्वच्छ होते, आवाज सलग होता, संवाद ओठांशी जुळत होते; फक्त कॅमेरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश फिरू लागला, की दर थोड्या वेळाने चित्राला एक बारीक हिसका बसायचा. मी तेव्हा टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर, म्हणजे ओटीटी ॲप चालवणाऱ्या छोट्या यंत्रावर, एक मल्याळम चित्रपट पाहत होते. त्यात होडीतून टिपलेले एक लांब दृश्य आहे आणि काठावरची माडांची रांग डावीकडून उजवीकडे संथपणे सरकत जाते. ते माड सरकता सरकता मध्येच जागच्या जागी थबकत आणि मग एकदम पुढे उडी मारत. एकदा हे डोळ्यांना दिसले, की नंतर दुसरे काही दिसेनासे होते.

पुढचे तीन आठवडे मी चुकीच्या जागी शोध घेतला आणि अनेक घरांत हेच होत असणार, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. चित्र अडखळले की सगळे जण प्रथम इंटरनेटवर बोट ठेवतात. मी ब्रॉडबँडवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन केला, तेव्हा मला वरचा, जास्त वेगाचा प्लॅन घ्यायला सांगितले गेले. दुकानात विचारले, तर महागडी एचडीएमआय केबल पुढे करण्यात आली. दोन्ही सल्ल्यांत पैसे जाणार होते आणि दोन्हींचा या दोषाशी काहीही संबंध नव्हता. फोरके चित्रासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिट वेग पुरेसा मानते, आणि आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट वेग होता. शिवाय इंटरनेटचे जाळे कमी पडले, तर प्लेअर आधी चित्राची प्रत उतरवतो, ते धूसर होते आणि अगदीच वेळ आली तर चक्र फिरते. आमच्याकडे यातले काहीच घडत नव्हते. सराउंड आवाज जाळ्यावर फार ओझे टाकतो असे वाटत असेल, तर तेही खरे नाही. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये आवाजाचा दर्जा वाढवला, तेव्हा ५.१ साठी (पाच दिशांचे स्पीकर आणि एक खर्जाचा) सेकंदाला जास्तीत जास्त ६४० किलोबिट आणि वरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी ॲटमॉससाठी ७६८ किलोबिट अशी मर्यादा ठेवली. पंधरा मेगाबिटच्या चित्रापुढे हे प्रमाण किरकोळ आहे.

वीज आणि उष्णता या दोन गोष्टी मात्र तपासाव्यात, कारण त्या तपासायला खर्च येत नाही. स्टिक टीव्हीच्याच यूएसबी छिद्रातून चालवली, तर साध्या यूएसबी २.० छिद्राला अर्धा अँपिअर इतकाच प्रवाह ठरलेला असतो आणि स्टिकला तो अपुरा पडू शकतो; तिच्यासोबत आलेला अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्येच लावावा. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीच्या मागे स्टिक तापते आणि तापली की मंदावते, म्हणून मी छोटी एक्स्टेंशन वायर लावून ती बाहेर काढली. दोन्ही उपाय करूनही माड उड्या मारतच राहिले.

कोडे सुटले ते बाबांच्या एका वाक्याने. बाबा दुपारी मराठीत डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट पाहतात. मी रात्री वैतागून स्टिक काढत होते, तेव्हा ते म्हणाले, "अगं, मी दुपारी पाहतो तेव्हा असं काही होत नाही. तुझ्याच सिनेमाला कसं होतं?" मी म्हटले, "बाबा, तुम्हाला लक्षात आलं नसेल." त्यावर त्यांनी रिमोट घेतला, मी पाहत होते तोच चित्रपट लावला, ध्वनीच्या यादीतून मराठी निवडले आणि होडीचे तेच दृश्य पुढे नेऊन दाखवले. माडांची रांग तेलाच्या धारेसारखी सरकली. एकही हिसका नाही. मी पुन्हा मल्याळम निवडले, हिसके परत आले. पुन्हा मराठी, पुन्हा सगळे सुरळीत.

यादीत मल्याळमपुढे ५.१ असे लिहिले होते आणि मराठीपुढे काहीच नव्हते, म्हणजे मराठी ध्वनी साधा दोन वाहिन्यांचा, स्टिरिओ होता. चित्रपट तोच, चित्राची फाइल तीच, इंटरनेट तेच, केबल तीच, स्टिक तीच. बदलला होता तो फक्त आवाजाचा प्रकार. याहून स्वच्छ प्रयोग मला प्रयोगशाळेतही रचता आला नसता. बाबांचे निरीक्षण मी आधी झटकून टाकले, याचे मला आजही वाईट वाटते.

डोळ्यांवर विसंबू नये, म्हणून मी फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर, सेकंदाला २४० चित्रे टिपेल असा लावून पडदा चित्रित केला आणि मग ते चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले. टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करतो, म्हणजे पडद्याचा एक ठोका फोनच्या ४ चित्रांइतका. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ सुट्या चित्रांचा असल्यामुळे त्याची एक फ्रेम दोन ठोके आणि पुढची तीन ठोके पडद्यावर थांबते. फोनच्या मापात ८ आणि १२, पुन्हा ८ आणि १२. मराठी ध्वनीवर ही लय न चुकता चालली. मल्याळम ५.१ वर ती सहा-सात सेकंद नीट चालायची आणि मग एखादी फ्रेम सलग २० चित्रे पडद्यावर अडून राहायची. ८ आणि १२ मिळून २० होतात. याचा अर्थ मधली एक फ्रेम दाखवलीच गेली नव्हती, प्लेअरने ती टाकून दिली होती. पुढचा हिसका अकरा सेकंदांनी आला, त्यानंतरचा सहा सेकंदांनी. हे अनियमित अंतर महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे वळते.

प्लेअर चांगली असलेली फ्रेम का टाकून देतो, हे समजून घ्यायचे तर तो कोणते घड्याळ पाहून चालतो ते पाहिले पाहिजे. आपल्याला वाटते, चित्र मुख्य आणि आवाज त्याच्या मागे. बहुतेक प्लेअरमध्ये प्रत्यक्षात उलट असते. आवाज हे घड्याळ असते आणि चित्र त्या घड्याळाला बांधलेले असते. यामागे कारण आहे: आवाजात क्षणभराची फट पडली तर कानाला ती टक्कन जाणवते, पण एखादी फ्रेम गळाली तर डोळा ती बऱ्याचदा पोटात घालतो. आवाज आणि चित्र यांची जुळणी किती सुटली म्हणजे माणसाच्या ध्यानात येते, याचे मापही ठरलेले आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीत आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे, अशा सीमा दिलेल्या आहेत. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो, कारण निसर्गातही वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो.

आता स्टिरिओ आवाजाचे काय होते ते पाहू. स्टिक दाबलेला आवाज स्वतः उलगडते, त्याचे पीसीएम करते, म्हणजे उघडे नमुने, सेकंदाला ४८,०००, आणि ते एचडीएमआयवरून टीव्हीकडे पाठवते. आतापर्यंत किती नमुने वाजले, हे तिला अगदी बारकाईने ठाऊक असते. घड्याळ संथ चालते आणि चित्र त्याच्यामागे शांतपणे चालते.

सराउंड आवाज पासथ्रूने, म्हणजे न उलगडता, जातो, तेव्हा गोष्ट बदलते. स्टिक तो उलगडतच नाही. डॉल्बीची बंद पाकिटे ती जशीच्या तशी पुढे सरकवते आणि उलगडण्याचे काम टीव्ही किंवा साउंडबार करतो. डॉल्बी डिजिटलच्या एका पाकिटात १,५३६ नमुने असतात, म्हणजे ४८,००० च्या वेगाने ते पाकीट ३२ मिलिसेकंद पुरते. डॉल्बी डिजिटल प्लसचे पाकीटही बहुधा तेवढेच असते. प्लेअर आता आवाजाच्या यंत्रणेला विचारतो की किती वाजून झाले, आणि त्याला जे उत्तर मिळते ते नमुन्यांच्या बारीक हिशेबात येण्याऐवजी पाकिटांच्या ठोक हिशेबात, कधी उशिरा तर कधी उडी मारून येते. चांगल्या यंत्रणेत या उड्या गुळगुळीत केल्या जातात. यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, कच्चे असेल तर त्या तशाच चित्रापर्यंत पोचतात. अँड्रॉइडवरची पुष्कळ ॲप एक्झोप्लेअर हा गुगलचा प्लेअर आतून वापरतात आणि त्याच्या नेहमीच्या नियमानुसार एखादी फ्रेम ३० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा आली, तर ती टाकली जाते. ३० आणि ३२ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आवाजाच्या घड्याळाने एका पाकिटाची उडी मारली, की वेळेवर आलेली फ्रेमही उशिराची ठरते.

याची खात्री करण्यासाठी मी स्टिकचे डेव्हलपर पर्याय उघडले, लॅपटॉपवरून एडीबी या अँड्रॉइड यंत्रे तपासण्याच्या साधनाने तिला जोडले आणि घरच्या संग्रहातला एक ५.१ चित्रपट एक्झोप्लेअर वापरणाऱ्या प्लेअरमध्ये लावून लॉग वाचत बसले. पडद्यावर हिसका बसला, की लॉगमध्ये 'स्प्युरियस ऑडिओ टाइमस्टॅम्प', म्हणजे आवाजाची वेळ विश्वासार्ह नाही, अशी इशाऱ्याची ओळ दिसायची. तीन आठवड्यांनी मला खात्रीने म्हणता आले की दोष जाळ्यात नाही, केबलमध्ये नाही आणि टीव्हीच्या पडद्यातही नाही.

आता त्या अनियमित अंतराबद्दल, कारण इथे आपल्याकडे घोटाळा होण्याची दाट शक्यता आहे. भारतातले दूरचित्रवाणीचे प्रसारण पूर्वी पॅल पद्धतीचे होते आणि तोच फ्रेमदर पुढे चालत आला, म्हणून आपल्या मालिका आणि बरेचसे जुने कार्यक्रम सेकंदाला २५ फ्रेमचे असतात. ६० ठोक्यांच्या पडद्यावर २५ फ्रेम समान वाटल्या जात नाहीत. दर ५ फ्रेमना १२ ठोके येतात, त्यामुळे काही फ्रेम दोन ठोके आणि काही तीन ठोके थांबतात. त्यातून जो थरथराट दिसतो तो अखंड आणि नियमित असतो, आणि आवाज स्टिरिओ केला तरी तो जात नाही. त्यावरचा उपाय वेगळा आहे: स्टिकमध्ये मूळ फ्रेमदराशी जुळवून घेण्याचे सेटिंग चालू करावे. फायर टीव्हीत ते 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' या नावाने आणि ॲपल टीव्हीत 'मॅच कंटेंट' खाली मिळते. म्हणून आधी ओळख पटवावी. थरथर सतत आणि एकसारखी असेल, तर फ्रेमदर पाहावा. चित्र मध्ये दहा सेकंद छान चालून एकदम हिसका बसत असेल आणि ध्वनी बदलताच तो थांबत असेल, तर आवाजाचा मार्ग तपासावा. दोन्ही दोष एकाच घरात असू शकतात, आमच्याकडे होतेच.

पुढचे काम सोपे होते, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा संयम हवा होता. पहिल्यांदा स्टिकच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवडले. साउंडबार घेतल्या दिवशी सराउंड मिळावा, म्हणून मीच ते काढून 'सर्वोत्तम उपलब्ध' अशा अर्थाचा पर्याय ठेवला होता. पीसीएम करताच मल्याळम ध्वनीवरही माड सरळ चालू लागले. निदान पक्के झाले, पण उपचार पुरा झाला नाही, कारण टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच उलट्या दिशेने, जातो आणि एआरसीवर पीसीएमच्या दोनच वाहिन्या मावतात. मागचे दोन स्पीकर मुके झाले. ज्यासाठी खर्च केला होता तेच गेले.

दुसऱ्यांदा पीसीएम काढून साधे डॉल्बी डिजिटल निवडले, प्लस नसलेले. इथे हिसके थांबले आणि पाचही दिशांचा आवाज परत आला. या दोन प्रकारांच्या नावांत एकाच शब्दाचा फरक असला, तरी एचडीएमआयवरचा त्यांचा प्रवास वेगळा आहे. साधे डॉल्बी डिजिटल ४८ किलोहर्ट्झच्या नेहमीच्या वाहनात बसून जाते, तर डॉल्बी डिजिटल प्लसला त्याच्या चौपट, १९२ किलोहर्ट्झचे वाहन लागते. वाटेतले प्रत्येक यंत्र, म्हणजे स्टिक, टीव्ही आणि साउंडबार, या वेगवान वाहनाला सारखेच नीट हाताळेल असे नाही. या बदलात मी ॲटमॉस गमावले, कारण ओटीटीवरचे ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसच्या आतूनच येते. आमच्या साउंडबारला छताकडे तोंड केलेले स्पीकर नाहीत, त्यामुळे मला या तोट्याची खंत वाटली नाही. ज्यांच्याकडे तसे स्पीकर आहेत, त्यांना वाटेल आणि ती रास्त असेल.

टीव्हीमध्येही एक सेटिंग असते आणि ते लोकांच्या नजरेतून हमखास सुटते. ध्वनीच्या प्रगत सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' अशा नावाखाली पीसीएम, ऑटो, पासथ्रू असे पर्याय असतात. ऑटोवर टीव्ही आलेला आवाज मध्येच उलगडून पुन्हा बांधू शकतो. पासथ्रूवर तो आवाजाला हात न लावता पुढे देतो. आमच्याकडे पासथ्रू ठेवल्यावर ओठ आणि शब्द यांची जुळणीही सुधारली. साउंडबारला एचडीएमआयचे वेगळे इनपुट असेल, तर स्टिक थेट साउंडबारमध्ये लावून तिथून चित्र टीव्हीकडे नेणे सर्वांत चांगले, कारण मग आवाजाच्या वाटेतून टीव्ही बाजूला होतो. आमच्या साउंडबारला एकच छिद्र आहे, त्यामुळे हा मार्ग मला बंद होता.

ज्यांच्याकडे वेगळे यंत्र आहे त्यांच्यासाठी ठिकाणे सांगते. फायर टीव्हीत 'डिस्प्ले अँड साउंड्स' मधून 'ऑडिओ' आणि तिथे 'सराउंड साउंड' येथे हे पर्याय आहेत. गुगल टीव्हीत 'डिस्प्ले अँड साउंड' खाली सराउंडचे ऑटो, नन आणि मॅन्युअल असे प्रकार आहेत. मॅन्युअल निवडल्यावर एकेक ध्वनिप्रकार स्वतंत्रपणे बंद करता येतो आणि डॉल्बी डिजिटल प्लस तेवढे बंद करून पाहता येते. ॲपल टीव्ही मुळातच आवाज स्वतः उलगडतो, त्यामुळे त्याला या दुखण्याचा धोका कमी. पण जुन्या एआरसीवर ५.१ हवे असेल, तर त्यात 'चेंज फॉरमॅट' चालू करून 'डॉल्बी डिजिटल ५.१' निवडावे लागते.

जुन्या होम थिएटरला ऑप्टिकल वायर असेल, तर तिच्यातून स्टिरिओ पीसीएम, साधे डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार डीटीएस एवढेच जाते, प्लस जात नाही. तिथे साधे डॉल्बी डिजिटल हा आधीपासूनच योग्य पर्याय आहे. टीव्ही आणि साउंडबार दोन्ही ईएआरसीचे, म्हणजे एआरसीच्या सुधारित आवृत्तीचे असतील, तर वाट बरीच रुंद होते: एचडीएमआय २.१ सोबत आलेल्या या व्यवस्थेत सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट आवाज मावतो आणि पाच-सात वाहिन्यांचे उघडे पीसीएमही जाते. अशा घरी स्टिकलाच आवाज उलगडू देणे हा उत्तम मार्ग ठरतो.

घरच्या हार्ड डिस्कवर चित्रपट ठेवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. तिथे ट्रूएचडी आणि डीटीएस हे ब्लू-रेवरचे जड प्रकार असतात. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हींमधून डीटीएस काढले आणि एलजीच्या २०२० ते २०२२ च्या टीव्हींतही ते नव्हते. असा टीव्ही समोर असला, की प्लेक्स किंवा जेलीफिन हा घरच्या फाइल टीव्हीकडे पाठवणारा सर्व्हर आवाज दुसऱ्या प्रकारात बदलून पाठवू लागतो, आणि सर्व्हर दुबळा असेल तर चित्र त्यापायी अडखळते. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर ट्रान्सकोड (प्रकार बदलणे) हा शब्द दिसतो का, एवढे पाहावे. दिसला, तर त्याच फाइलमधला डॉल्बीचा ध्वनी निवडून पाहावा. कोडी या प्लेअर ॲपमध्ये 'अलाऊ पासथ्रू' एकदा बंद करून पाहिले, की दोष कोणत्या बाजूला आहे ते मिनिटभरात कळते.

दोन लहान गोष्टी राहिल्या. मेनूत बटण दाबताना येणारे टिकटिक आवाज बंद करावेत, कारण त्यांच्यासाठी यंत्र बंद पाकिटांवरून पीसीएमवर आणि पुन्हा मागे जाते आणि दर वेळी साउंडबार क्षणभर गप्प होतो. आणि आवाज मागेपुढे करणाऱ्या जुळणीच्या पट्टीला या दोषासाठी हात लावू नये. ती ओठांच्या जुळणीसाठी असते, तिने गळालेली फ्रेम परत येत नाही; उलट नीट असलेले ओठही बिघडतात.

सध्या आमची स्टिक साध्या डॉल्बी डिजिटलवर आणि टीव्ही पासथ्रूवर आहे. स्टिकला नवे अपडेट आले, की मी डॉल्बी डिजिटल प्लस पुन्हा चालू करते, होडीचे तेच दृश्य लावते आणि बाबांना बोलावते. गेल्या आठवड्यात पाहिले, तेव्हा त्या दृश्यात दोनच हिसके बसले. दिवाळीत चार बसत असत. बाबांनी चश्मा पुसून दुसऱ्यांदा पाहिले आणि म्हणाले, "अजून आहे गं, राहू दे तुझं साधंच." सेटिंग पुन्हा मागे नेले.